सांधा नसलेला कडा

पडदा तीस फूट रुंद आणि चोवीस फूट उंच होता. गोडाऊनच्या फरशीवर तो सबंध पसरलेला होता, आणि त्याच्या मधोमध, राजवाड्याच्या गच्चीवर, डिंपल मांडी घालून बसली होती. राजवाडा कोरडा होता. बाकी सगळं ओलं: डोक्याकडचं आकाश, डावी-उजवीकडचे कडे, पायथ्याची खडकाळ उतरण. सगळ्यात जवळचा काठ नऊ फुटांवर होता. सकाळचे साडेदहा वाजले होते. तिच्या हिशेबानं बारा वाजता रंग वाळणार होता आणि ती उठून चालत बाहेर येणार होती.

हिशेब तिचाच होता, म्हणून तर ती तिथे बसली होती.

तिचे वडील म्हणजे इस्तारी पेंटर. वडशात, कागदोपत्री देसाईगंजात, नाटक कंपन्यांची ऑफिसं ओळीनं आहेत. दिवाळी झाली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भागात, गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, आणि मंडई असलेल्या गावाला नाटक लागतंच. त्या नाटकांचे पडदे इस्तारीनं तीस वर्षं रंगवले. ढिवराचं पोर, बापासोबत तलावात जाळं टाकायचं सोडून एका पेंटरच्या मागे डबे धुवायला गेलं आणि तिथेच राहिलं. राजवाडा, जंगल, रस्ता आणि गरिबाची झोपडी, एवढ्या चार पडद्यांत जगातलं कुठलंही नाटक बसतं असं तो सांगायचा. दोन वर्षांपूर्वी त्याला कंपवात झाला. आधी उजवा हात, मग डावा. चहाचा कप अर्धाच भरून द्यावा लागे. डिंपल त्याच वर्षी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती. एक हंगाम मी ब्रश धरते, म्हणाली. हा तिसरा हंगाम होता.

पडद्यावर रंग कसा चढतो ते तिनं पहिल्या महिन्यातच वहीत उतरवून काढलं होतं. रंगाच्या थराला हे लोक ‘हात’ म्हणतात. मांजरपाटाच्या कापडाला आधी खडूचा पांढरा हात. त्यावर लांबचं आधी आणि जवळचं नंतर: आकाश, मग कडे, शेवटी इमारती. कड्याला पहिला हात गेरूचा, दुसरा पिवडीत, म्हणजे पिवळ्या मातीत, काजळी घालून, आणि तिसरा, इमारती वाळल्यावर सगळ्यात शेवटी, अगदी पातळ निळा. हा निळा हात चढला की कडा मैलभर मागे सरकतो आणि पुढचा राजवाडा उठून उभा राहतो. रंग सरसात, म्हणजे हाडाकातड्याच्या डिंकात, कालवलेला असतो. सरसाच्या रंगाच्या दोन खोडी आहेत. ओला असताना तो गडद दिसतो आणि वाळल्यावर फिका पडतो, त्यामुळे मागाहून लावलेलं ठिगळ कधीच जुळत नाही. आणि ओल्या हातावर काही घासलं, साधं पाऊल पडलं, तरी खालचे सगळे हात जागे होऊन वर येतात.

म्हणून इस्तारी पडद्यात नेहमी गल्ली सोडायचा. मधून काठापर्यंत हातभर रुंदीची पट्टी कोरी ठेवायची, तिच्यावरून यायचं-जायचं, आणि शेवटी ती काठावरून रंगवून टाकायची. त्या गल्लीचा सांधा दिसतो. लोकांना कळत नाही, पण पेट्रोमॅक्सच्या दिवसांत जो सांधा लपायचा तो आता हॅलोजनमध्ये कड्यावर उभ्या चिरेसारखा दिसतो, आणि डिंपलला तो दोन वर्षं सलत होता.

या वेळी तिनं वेगळा विचार केला. इस्तारी निळ्याच्या पाच छटा पाच डब्यांत कालवायचा. तिनं एकच बादली घेतली. काठाकडून सुरुवात करायची, तिथे रंग सगळ्यात गडद. मग गोल फिरत आत यायचं आणि प्रत्येक फेरीला बादलीत एक मग पाणी घालायचं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत द्रावण टप्प्याटप्प्यानं विरळ करायचे, तसंच. बाहेरचा निळा आत येता येता आपोआप फिका होत जाईल, राजवाड्याभोवती उजेड पडल्यासारखं होईल, आणि सांधा कुठेच राहणार नाही. पाणी बादलीत घालता येतं, काढता येत नाही. म्हणून बाहेरून आतच यायला हवं. आत आल्यावर वाळेपर्यंत राजवाड्यावर बसून राहायचं. इस्तारी म्हणाला होता की गल्ली ठेव. तिनं हसून सांगितलं की दीड तासाचा तर प्रश्न आहे.

दीड तास हा मेमधला आकडा होता. हा ऑक्टोबर होता, आणि दहाच्या सुमारास आभाळ भरून आलं. पाऊस आला नाही, नुसता दमटपणा आला. गोडाऊन म्हणजे एका बंद पडलेल्या राईस मिलचं. फरशीतूनच ओल वर येत होती. अकरा वाजता तिनं राजवाड्याच्या कडेला बसून पुढचा रंग करंगळीनं टिपून पाहिला. जसा लावला तसाच होता. तिनं नव्यानं हिशेब केला. तीन वाजतील. कदाचित साडेतीन.

काठावर रिकाम्या डब्यावर बसलेल्या इस्तारीला तिनं तसं सांगितलं. तो म्हणाला, बस मग, राजाच्या घरी पाहुणी आहेस.

अकरा वाजून दहा मिनिटांनी तिचा फोन वाजला.

गडचिरोलीहून होता. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत सहायकाची एक जागा होती. आठ महिन्यांपूर्वी तिनं परीक्षा दिली होती, यादीत दुसरा नंबर लागला होता आणि मग ते सगळं विसरायचा तिनं रीतसर प्रयत्न केला होता. पलीकडच्या बाई घाईत बोलत होत्या. पहिल्या उमेदवारानं जागा सोडली आहे. आज कागदपत्रं तपासायचा शेवटचा दिवस. चार वाजेपर्यंत मूळ प्रमाणपत्रं घेऊन हजर राहा, नाही आलात तर पुढच्या नावाला संधी. डिंपलनं विचारलं, उद्या सकाळी आले तर. बाई म्हणाल्या, यादी आज बंद होते मॅडम, माझ्या हातात नाही.

फोन ठेवून ती उठली आणि बसच्या वेळा मोजू लागली. वडशाहून गडचिरोलीला जायला पावणेदोन तास. दीडची बस मिळाली तर सव्वातीनला पोहोचणार. त्यानंतरची बस तीनची.

इस्तारीनं विचारलं, कोण होतं. तिनं सांगितलं. सांगताना तिचा आवाज अगदी साधा होता, जणू कोणी भाव विचारायला फोन केला होता. इस्तारीनं मांडीखाली दाबून ठेवलेला हात बाहेर काढला आणि खिशातून फोन काढून बायकोला, देवकाबाईला, लावला. एवढं करायला त्याला मिनिटभर लागलं. देवकाबाई बाजारात मासे घेऊन बसली होती. तिला त्यानं एवढंच सांगितलं की टोपलं शेजारणीवर सोड, घरी जा, कपाटातली डिंपलची निळी फाईल घे आणि गोडाऊनवर ये.

फाईल येईल. बस येईल. मधले नऊ फूट तेवढे राहिले होते.

पंखा लावायची कल्पना पहिली डिंपलचीच. इस्तारीनं मान हलवली. पंख्यानं समोरची बाजू आधी वाळते, मागची मागाहून, आणि मध्ये मिठाचं पाणी वाळल्यावर पडते तशी रेघ उमटते. ती रेघ मग जात नाही. हे तिला माहीत होतं. तरी तिनं विचारलं, कारण विचारत राहिलं तर बरं वाटत होतं. निसण, म्हणजे शिडी, होती, ती आठ फुटांची. उडी मारायची म्हटलं तर जागेवरून तिची उडी पाच फूट जात असेल. शाळेत सहा गेली होती.

मग इस्तारी बाहेर गेला आणि बाजूच्या बांधकामावरून एक लांब बांबू ओढत घेऊन आला. इकडे दोन विटा, तिकडे राजवाड्यावर डिंपलची पालथी बादली, आणि त्यावर बांबू. पडद्यावरून तो एक वीत उंच राहिला. एवढं जमेपर्यंत बांबूचं टोक दोनदा रंगाला लागता लागता राहिलं, कारण इस्तारीच्या हातात तो जिवंत सापासारखा थरथरत होता. डिंपलनं एक पाय ठेवला. मग दुसरा, अर्ध्या भारानं. बांबू मधोमध खाली गेला आणि पायाखाली फिरला. रंगापासून दोन बोटं उरली होती. ती मागे सरली.

“उतर,” इस्तारी म्हणाला. “तू बी जाशीन आन् पडदा बी जाईन.”

बांबू परत ओढून घेतानाच प्रफुलभाऊ आत आले. प्रफुलभाऊ म्हणजे कंपनीचे मालक, पडदा त्यांचाच होता. उद्या त्यांच्या ऑफिसात गावोगावची मंडळं नाटक ठरवायला येणार होती. नवा पडदा दारातच टांगायचा, मंडळाच्या लोकांना चहाच्या आधी तो दाखवायचा, असा त्यांचा बेत. उद्या आठला टेम्पो येईल, नसेल झालं तर आपण नागपूरहून फ्लेक्सचा छापून आणू, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. बाकीच्या कंपन्यांनी तीन वर्षांपासून फ्लेक्सच आणला होता. इस्तारीकडे येणारे आता तेवढे एकच उरले होते.

त्यांनी मधोमध उभ्या डिंपलकडे पाहिलं, मग चारही बाजूंच्या ओल्या रंगाकडे, आणि त्यांना सगळं कळलं.

“काऊन वो डिंपल, राजानं कैद केलं का तुले?”

 प्रफुलभाऊ हसत हसत काठाकाठानं फिरले. फिरता फिरता त्यांचं हसणं थांबलं. ते खाली वाकले. नाटकाच्या धंद्यात वीस वर्षं काढलेला माणूस होता तो, पडदे त्यानं पुष्कळ पाहिले होते.

“इस्तारीभाऊ, सांधा कुठी हाये याचा?”

“सांधा नाई,” इस्तारी म्हणाला.

“नाई कसा?”

“तिले विचारा. तिचंच डोस्कं हाये ते.”

प्रफुलभाऊंनी खिशातून फोन काढून चार-पाच फोटो घेतले, राजवाड्यात उभ्या डिंपलसकट. असा कडा आपण कुठल्याच कंपनीकडे पाहिला नाही, खोल दरीत पाहिल्यासारखं वाटतं, ते म्हणाले. इस्तारीनं त्यांना गडचिरोलीच्या फोनचं सांगितलं. ते हळहळले. खरंच हळहळले, डिंपल लहान असताना त्यांनी तिला नाटकात श्रावणबाळाच्या बहिणीचं काम दिलं होतं, असल्या बहिणीचा कुठे उल्लेख नसताना. पण मग म्हणाले की नोकऱ्या तर निघतच असतात, अकरा महिन्यांचं कंत्राट ते, आणि असा हात असलेल्या माणसाला काम काय कमी आहे. यंदा दोन पडदे आणखी काढू. झोपडीचा जुनाच चालतो आहे, तोही तिलाच देतो. हे सांगून ते जेवायला गेले. जाताना दारातून वळून त्यांनी पुन्हा एकदा कड्याकडे पाहिलं.

आणखी दोन पडदे. डिंपलनं तो आकडा मनात धरला. म्हणजे चौथा हंगाम.

बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. तहान लागली होती, पण बाटलीतलं पाणी ती पीत नव्हती, कारण प्यायलेलं पाणी पुढे कुठे न्यायचं हा प्रश्न होता. करंगळीनं तिनं पुन्हा रंग टिपला. बोटाला निळा लागला. मग ती राजवाड्याच्या चारही भिंतींनी फिरली. पावलाला पाऊल लावून आठ पावलं लांब आणि पाच पावलं रुंद. खिडक्यांवर पाय पडू नये म्हणून ती अजूनही जपत होती, जणू कोणी आत राहत होतं. एक फेरी झाली की तिला पुन्हा तेच दिसे. उजवा कडा, उतरण, डावा कडा, आकाश. तिनंच केलेलं. सगळीकडे सारखंच ओलं.

देवकाबाई पाऊणला आली, फाईल पदराखाली धरून, घामाघूम. तिला पाहून डिंपलला आधी मासळीचा वास आला, मग ती दिसली. देवकाबाईनं पडदा पाहिला, पोरगी पाहिली, आणि नवऱ्याला विचारलं की हे असं बसवून ठेवायचं कोणाच्या डोक्यातून निघालं. इस्तारी म्हणाला, माझ्या नाही. मग ती डिंपलकडे वळली.

“बसली काऊन हायेस? चालत ये.”

“पडदा जाईन, माय.”

“जाऊ दे. कापडच होय ना ते.”

इस्तारीनं बायकोकडे पाहिलं. तीस वर्षांत तिनं त्याच्या पडद्यांना कापड म्हटलं नव्हतं, निदान त्याच्या समोर. पण तो रागावला नाही. त्यानं घड्याळ पाहिलं आणि तोही तेच म्हणाला.

“ये पोरी. चाल.”

“आणि प्रफुलभाऊ?”

“त्याचं मी पाहतो. पडदा माहा हाये, त्याच्यावर नाव माहं पडते. तू ये.”

आता अडवणारं कोणी नव्हतं. डिंपल राजवाड्याच्या पायरीपाशी आली. तिनं सलवार घोट्याच्या वर दुमडली. एक पाऊल उचललं आणि उतरणीवर, रंगाच्या वर चार बोटं, धरून ठेवलं.

खाली गेरू होता, त्यावर पिवडी-काजळी, त्यावर निळा. निळा इतका पातळ होता की खालची पिवडी त्यातून दिसत होती, आणि दोन्ही मिळून मधेच असा एक रंग झाला होता की ज्याचं नाव तिच्याकडे नव्हतं. सकाळी सकाळी सूरजागडकडचे डोंगर एसटीतून दिसतात तसा. तो तिनं कालवला नव्हता. तो थरांनी आपसांत केला होता. पाऊल ठेवलं की तिथे तिन्ही हात उठतील आणि चिखल होईल. एका पावलाचा नाही, नऊ फुटांत पाच पावलांचा.

तिनं पाय मागे घेतला.

“काय झालं?” देवकाबाईनं विचारलं.

 दोन वर्षं डिंपल लोकांना सांगत आली होती की बाचा हात चालत नाही म्हणून मी थांबले. मैत्रिणींना, कॉलेजच्या सरांना, स्वतःला. आता बा काठावर उभा राहून ये म्हणत होता, माय ये म्हणत होती, फाईल आली होती, आणि तिचाच पाय पुढे जात नव्हता. तिला भीती वाटली. चार वाजतील, यादी बंद होईल, आणि कोणाला विचारलं तर ती पुन्हा बाचंच नाव सांगेल.

ती खाली बसली. म्हणाली, कदाचित अर्ध्या तासात वाळेल.

तिलाही माहीत होतं की वाळणार नाही.

 इस्तारी वळला आणि कोपऱ्यातल्या डब्यांपाशी गेला. डिंपलला वाटलं की तो पाणी प्यायला गेला असेल. त्यानं काजळीचा डबा ओढला. त्यात हिरमिजीची, तांबड्या मातीची, मूठ टाकली, अर्धी मूठ फरशीवर सांडली. चुलीवरचं सरस अजून कोमट होतं, ते ओतलं. काठीनं ढवळायला लागला. हात हलत होताच, ढवळायला वेगळा जोर लागला नाही. मग बांबूला बांधलेला वीतभर रुंद कुंचला घेतला आणि पडद्याच्या खालच्या काठाशी येऊन गुडघे टेकले.

“बा, काय करून राह्यला तू?”

 त्यानं कुंचला डब्यात बुडवला, बांबू दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि काठापासून वर, उतरणीच्या ऐन मध्यात, काळा ओढला.

डिंपल ओरडली. शब्द काही नव्हता त्यात. तिच्या निळ्यातून, पिवडीतून, तिच्या त्या बिननावाच्या रंगातून तो काळा वाकडातिकडा वर येत होता. इस्तारीचा हात थरथरत होता आणि कुंचल्याची कड दातेरी निघत होती. कुठे रुंद, कुठे निमुळती, कुठे एक शितोडा बाजूला उडालेला. दोन वर्षांत त्यानं पडद्याला कुंचला लावला नव्हता. बांबू संपला तेव्हा काळा सहा फूट वर आला होता.

“काऊन केलं?” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते रागाचं होतं. “चांगला होता तो. काऊन खराब केला?”

इस्तारी धापा टाकत होता. त्यानं बांबू जमिनीवर ठेवला.

“चांगला होता,” तो म्हणाला. “पण घळ नोती त्याले. इतला मोठा कडा आन् पाणी कुठून उतरन? बिनघळीचा कडा असते का कुठी?”

“प्रफुलभाऊले तसाच पायजे होता.”

“प्रफुलले डोंगरातलं काय समजते? तो नाटकवाला हाये.” त्यानं मनगटानं कपाळ पुसलं, आणि कपाळाला काजळी लागली. “आता या काळ्यातून उतर. पाय बाहीर नको टाकू. वरचा तुकडा मी मागून भरतो. काळ्यात कितीक बी पाय उमटू दे, काळाच राहते तो.”

डिंपलनं खाली पाहिलं. सांधा नसलेला कडा आता नव्हताच. राखायला काही उरलं नव्हतं. तिनं कुंचला आणि बादली तिथेच ठेवली आणि फोन दातांत धरला. पहिलं पाऊल निळ्यात पडलं. तिनं मुद्दाम खाली पाहिलं: तिन्ही हात बोटांमधून वर आले, तिला वाटलं होतं तसंच, गेरूसुद्धा. दुसरंही निळ्यात. तिसऱ्या पावलाला काळा आला, कोमट आणि गुळगुळीत. चौथं, पाचवं. सहाव्याला फरशी.

इस्तारीनं तिचा दंड धरायला हात पुढे केला होता, पण तो तिला धरतोय की तिच्या आधारानं उठतोय हे दोघांनाही नीट कळलं नाही. देवकाबाईनं फाईल तिच्या हातात दिली, पदरानं तिचे पाय पुसायला वाकली. वेळ नव्हता. डिंपलनं तशाच पायांत चपला घातल्या.

दारात तिनं मागे वळून सांगितलं की काळ्याला तुरटी लाव, नाहीतर खालचा निळा त्यात ओढला जाईल. इस्तारी पुन्हा गुडघ्यांवर बसला होता. तो म्हणाला की तुझ्या जन्माच्या आधीपासून मी तुरटी लावतो आहे.

बस एक चाळीसला सुटली, दहा मिनिटं उशिरा. तिला खिडकीची जागा मिळाली नाही. आरमोरीपर्यंत ती उभी होती आणि पायांवरचा रंग वाळत होता. सरस वाळताना आकसतं. बोटांमधली कातडी ओढली जात होती, जणू कोणी बारीक दोऱ्यानं आवळत होतं. कापडावर तीन तास लागणारा रंग अंगाच्या उबेनं पस्तीस मिनिटांत वाळला. हे तिनं लक्षात ठेवलं. बाजूच्या बाईनं तिच्या पायांकडे पाहून भाताची रोवणी संपली नाही का अजून, असं विचारलं. डिंपल म्हणाली, संपली.

ऑफिसात ती तीन पस्तीसला पोहोचली. फोनवरच्या बाई प्रत्यक्षात तिच्याच वयाच्या निघाल्या. त्यांनी एकेक मूळ प्रत झेरॉक्सशी जुळवून पाहिली, दहावीच्या प्रमाणपत्रावर काळा अंगठा उमटला होता तो खरवडून पाहिला, आणि रजिस्टर पुढे केलं. डिंपलनं सही केली. सोमवारपासून या, बाई म्हणाल्या. साडेनऊला.

बाहेर येऊन तिनं फोन लावला. देवकाबाईनं उचलला. डिंपलनं आधी पडद्याचं विचारलं. देवकाबाईनं सांगितलं की तिचा बा दीडपासून जेवायलासुद्धा उठला नाही. एक घळ म्हणाला होता, आता तीन झाल्या, दोन उजव्या कड्यालाही काढल्या. प्रफुल येऊन गेला. बराच वेळ काठावर उभा होता, उद्या सकाळी उजेडात पाहतो म्हणाला.

“घेईन का तो?”

“मले काय मालूम? थांब, तुया बाले देतो.”

फोन हातातून हातात जाण्याचा, खाली पडण्याचा, उचलला जाण्याचा आवाज आला. मग इस्तारीचा श्वास. डिंपलनं त्याला सांगितलं की झालं, सोमवारपासून बोलावलं आहे. 

“निळ्यात सरस किती टाकलं होतं तू?” त्यानं विचारलं.

तिनं सांगितलं. बादलीला दीड वाटी.

“जास्त होते. तेच म्हणतो, काळा चढते काऊन नाई नीट.” तो थांबला. “सोमवारी म्हणतं ना? मंग आयतवारी ते डबे धुऊन देजो. मायाकून धुतल्या जात नाई ते आता.”

“देतो,” ती म्हणाली.